पहिला खांब शून्य

रेल्वे फाटक, चौकी क्रमांक २८
१४ जून १९८२

विल्माबाई,

पाकिटावरचं अक्षर तुम्ही ओळखलं असेल. ओळखून पाकीट चुलीत टाकलं नसेल तर पुढे वाचा.

मी बहीण म्हणून लिहीत नाही. एका मुलीची आई गणिताच्या शिक्षिकेला लिहिते तसं लिहिते आहे, म्हणून ‘तुम्ही’ म्हणते. सेगेद शहरात तुमचं नाव आहे असं ऐकते. ज्यांना कुणी शिकवू शकत नाही ती मुलं तुमच्याकडे येतात म्हणे.

माझी एमोके आता पंधराची आहे. तुम्ही तिला शेवटची पाहिली तेव्हा ती सहा वर्षांची होती आणि बाबांच्या दफनानंतरच्या त्या जेवणाला टेबलावरच्या ताटल्या मोजत फिरत होती. यंदा तिचं हायस्कूलचं पहिलं वर्ष झालं. गणितात एक मिळाला. पाचापैकी एक म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको. २७ ऑगस्टला फेरपरीक्षा आहे. चिठ्ठी उचलायची, फळ्यापाशी जायचं आणि तिघा शिक्षकांसमोर तोंडी सांगायचं. त्यात गेली तर अख्खं वर्ष पुन्हा, सगळ्या विषयांसकट. ती म्हणते, धाकट्यांच्या वर्गात मी बसणार नाही, सरळ डबाबंद फळांच्या कारखान्यात जाईन. ती बोलते ते करते. हा गुण कुणाचा, ते तुम्हाला ठाऊक आहे. मीही सतराव्या वर्षी शाळा सोडून हातात झेंडी घेतली होती आणि ती का घेतली तेही तुम्हाला ठाऊक आहे.

मुलगी मठ्ठ नाही. त्यांच्या गणिताच्या बाई ऑक्टोबरात बाळंतपणासाठी गेल्या त्या परत आल्या नाहीत. तेव्हापासून भूगोलाचे सर तास घेतात. एका हाताने पुस्तकातून फळ्यावर उतरवतात, दुसऱ्या हाताने पुसत जातात. विचारलं तर ‘पुस्तकात आहे’ म्हणतात. गावातली मुलं शिकवणी लावतात. आमच्या स्टेशनात सकाळी एक आणि संध्याकाळी एक अशा दोनच गाड्या थांबतात, बाकीच्या नुसत्या धडधडत जातात. टपाल मात्र रोज येतं.

तेव्हा टपालानं शिकवाल का, एवढंच विचारायचं होतं. तिची वही सोबत पाठवते आहे. मला उत्तर लिहिलं नाहीत तरी चालेल, तिला लिहा.

एतेल


चौकी २८
२४ जून

विल्मा,

‘तुम्ही’ म्हणायला जीभ वळत नाही आणि लिहिताना हातही वळत नाही, असं दिसतं. सोडून दिलं.

तुझं पाकीट आलं. अकरा पानं, हिरव्या शाईत, वर ‘एमोकेसाठी’. मला एक अक्षर नाही. मीच तसं म्हटलं होतं, तेव्हा तक्रार नाही. देझोनं पाकीट हातात तोलून पाहिलं. म्हणाला, “तुझ्या बहिणीनं नऊ वर्षांचं एकदम लिहिलंय की काय?” मी म्हटलं, सगळी गणितं आहेत. तो म्हणाला, “मग तेच.” माझ्या नवऱ्याला रुळांचे बोल्ट आवळता आवळता असलं काहीतरी सुचत असतं, तू लक्ष देऊ नकोस.

तू तिला सूत्र एकही दिलं नाहीस याचं मला नवल वाटलं. नुसते प्रश्न. आणि प्रत्येकाखाली तेच वाक्य: ‘उत्तर नको, कारण लिही.’ पूर्वी तू कारण विचारायची नाहीस. आम्हाला सांगायचीस, आणि आम्ही मान डोलवायची.

सोडवलेली पहिली चार सोबत आहेत. एमोके मन लावून करते आहे. तिचं अक्षर जरा बदललेलं वाटेल. उकाडा फार आहे, हाताला घाम येतो.

एतेल


चौकी २८
५ जुलै

विल्मा,

आज उत्तराबरोबर हे जास्तीचं लिहिते आहे, कारण लिहिल्याशिवाय माझ्याच्यानं राहवत नाही.

तू विचारलं होतंस, पहिल्या वीस विषम संख्यांची बेरीज किती. ‘मिळवत बसू नकोस, दिसेपर्यंत बघ.’ मला तर वाचूनच राग आला. एक अधिक तीन अधिक पाच, यात बघायचं काय असतं? मी अंगणात टेबलावर आंबट चेऱ्यांच्या बिया काढत बसले होते. दहा किलो आल्या आहेत यंदा, कोपरापर्यंत हात लाल. बियांचा ढीग समोर होताच.

मेणकापडावर एक बी ठेवली. तिच्या शेजारी, खाली आणि कोपऱ्यात मिळून तीन ठेवल्या. दोन बाय दोनचा चौकोन झाला. त्याच्या दोन बाजूंनी आणखी पाच लावल्या, तर तीन बाय तीन. सात लावल्या, तर चार बाय चार. मला वाटलं, हे आता मोडेल. नऊ लावल्या. मोडलं नाही. अकरा लावल्या. प्रत्येक विषम संख्या आधीच्या चौकोनाला दोन बाजूंनी बिलगून बसत होती आणि दर वेळी नवा चौकोन होत होता, एक बी जास्त नाही, एक कमी नाही. वीस संख्या म्हणजे वीस बाय वीस. चारशे. मोजायची गरजच नव्हती.

विल्मा, माझ्या अंगावर काटा आला. बेचाळीस वर्षांची बाई मी, चेरीच्या बियांकडे बघत उभी राहिले. हे कुणी असं जुळवलं? कुणीच नाही. मी टेबल आवरलं तरी ते तसंच राहणार, मी जन्मले नव्हते तेव्हाही तसंच होतं. चर्चमध्ये लहानपणी मला जे वाटायला हवं होतं आणि कधी वाटलं नाही, ते वाटलं.

मग स्टेशनातून फोन वाजला, गाडी सुटल्याचा. फाटक वेळेवर लागलं, काळजी नको. पण हिरवी झेंडी धरून उभी असताना मी गाडीचे डबे मोजत नव्हते, चौकोन मोजत होते.

एमोकेलाही आवडलं.

एतेल


चौकी २८
१७ जुलै

विल्मा,

पाकिटात या वेळी मला एक ओळ आली. नऊ वर्षांतली पहिली. ‘हे कोण लिहितं आहे?’

आणि त्या खांबांच्या गणिताखाली हिरव्या शाईत लांबलचक शेरा. तुझा प्रश्न साधा होता. रुळाकडेच्या तारेच्या दोन खांबांत पन्नास मीटर अंतर आहे, गाडीतला माणूस पहिल्या खांबाशी घड्याळ लावतो आणि मिनिट भरताच एकविसाव्या खांबाशी येतो, तर ताशी वेग किती? तू लिहिलं आहेस, ‘तेवीस वर्षांत मी हे शेकडो मुलांना घातलं. पंधरा वर्षांचं प्रत्येक मूल एकवीस गुणिले पन्नास करतं. इथे मात्र लिहिलंय: पहिला खांब शून्य धरायचा, कारण तो येतो तेव्हा गाडीनं अजून काहीच अंतर कापलेलं नसतं. ही मुलगी नव्हे.’

नव्हेच. मला काय माहीत तो सापळा होता? आम्ही फाटकवाले खांब असेच मोजतो. गाडी लांब दिसली की पहिल्याला शून्य म्हणायचं आणि मग एक, दोन. चुकून पहिल्याला एक म्हटलं तर गाडी आहे त्यापेक्षा वेगात वाटते आणि घोडागाडीवाल्यावर उगाच ओरडलं जातं. पहिल्याच दिवशी जुन्या चौकीदारानं हे माझ्या कानात बसवलं होतं.

तर आता खरं सांगते. एमोके तुझ्या पहिल्या पाकिटाशी दोन दिवस बसली. तिसऱ्या दिवशी म्हणाली, “आई, हे मला जमणार नाही, तुझ्यासारखीच आहे मी.” २८ जूनला ती शाळेच्या उन्हाळी कामाच्या शिबिराला गेली, पीच तोडायला, अजून तिथेच आहे. मला वाटलं, उत्तरं गेली नाहीत तर तू थांबशील. म्हणून पहिली चार मी लिहिली. पाचवं, विषम संख्यांचं, लिहिलं ते तू थांबशील या भीतीनं नाही. ते मला हवं होतं.

तू आता चिडशील. चिड. पण पाकीट बंद करू नकोस. सहा आठवडे उरले आहेत आणि पोरीचा अजून श्रीगणेशा व्हायचा आहे.

एतेल


चौकी २८
२६ जुलै

विल्माताई,

बघ, ‘ताई’ लिहिलं गेलं.

तुझं पत्र, माझ्या नावाचं अख्खं पान, मी फाटक खाली-वर करायच्या चाकापाशी उभ्यानं वाचलं. देझोला वाचून दाखवलं नाही. पण ते वाक्य इथे उतरवून ठेवते, म्हणजे तुला नंतर नाकारता येणार नाही: ‘मी तुला वाईट शिकवलं, एतेल. मला येत होतं, शिकवता येत नव्हतं. मी त्या मुलीकडे येणार नाही, तू तिला शिकव. तुला शिकवणं अजून राहिलंय, ते मी टपालानं करीन.’

मी तुझ्यापेक्षा जास्त वाईट वागले आहे. ते मी कधीच कबूल केलं नाही, आता करते. बाबांच्या त्या जेवणाला एमोकेनं ताटल्या बरोबर मोजल्या तेव्हा तू म्हणालीस, “बरं झालं, आईवर नाही गेली.” सगळे हसले. मी म्हणाले, “निदान मला मूल तरी आहे. तुला नुसता खडूच आहे.” कुणी हसलं नाही. तू त्या वसंतात इस्पितळातून रिकाम्या हातानं परत आली होतीस, हे मला माहीत होतं. माहीत होतं म्हणूनच म्हणाले. तू कोट घेऊन उठलीस आणि मी मागे आले नाही. नऊ वर्षं मी स्वतःला सांगत आले की सुरुवात तू केलीस. सुरुवात तू केलीस, पण मी जे केलं ते सुरुवातीपेक्षा फार मोठं होतं. मला क्षमा कर असं लिहायला मी घाबरते. तरी लिहिलं.

एमोके काल परत आली, पीचच्या लवेनं मान खाजवत. आज तिला परसात नेलं. ती अ अधिक ब च्या वर्गाचं उत्तर नेहमी अ वर्ग अधिक ब वर्ग एवढंच लिहिते. भूगोलाचे सर म्हणाले होते, ‘दोन अब विसरायचं नाही.’ पण कुठून आले ते दोन अब, हे कोण सांगणार? तू सांगितलंस तसं मी खुंट्या रोवल्या, दोरी बांधली. मोठा चौकोन मिरच्यांचा, लहान चौकोन अजमोद्याचा, कोपऱ्याला कोपरा. म्हटलं, हा तुझा अ वर्ग, हा ब वर्ग. आता सगळ्या बागेला कुंपण घाल. तिनं बाहेरून दोरी फिरवली आणि थांबली. दोन पट्टे मोकळे राहिले होते, एक या बाजूला, एक त्या बाजूला. ती दोन्ही पायांनी एका पट्ट्यात उभी राहिली.

“म्हणजे हे नेहमीच इथे होते?” तिनं विचारलं.

मी हो म्हटलं. मला जसं बघायचं होतं तसं तिचं तोंड झालं होतं, आणि ते तूही बघायला हवं होतंस.

एतेल


चौकी २८
१३ ऑगस्ट

विल्माताई,

एवढे दिवस पत्र नाही, कारण सांगण्यासारखं चांगलं काही नव्हतं.

त्या बागेनंतर मला वाटलं, झालं, आता गाडी रुळावर आली. कसलं काय. एक दिवस कळतं, दुसऱ्या दिवशी पाटी कोरी. क्ष वर्ग वजा नऊचे अवयव तिला चार दिवस दाखवले. मंगळवारी चौथ्यांदा तिनं ‘पण का?’ विचारलं. मला ते इतकं लख्ख दिसत होतं, आणि ही माझ्या तोंडाकडे बघत बसलेली. आणि मी म्हणाले, “डोकं आहे की भुशाचं पोतं?”

शब्द ओळखलेस? आपल्या स्वयंपाकघरात, १९५७ च्या मार्चमध्ये, बाबा आणि शेजारचे दोघं बसलेले असताना. त्यातला एकही शब्द मी बदलला नाही. पंचवीस वर्षं मी तो जपून ठेवला होता आणि उचलून माझ्या मुलीला दिला.

ती रडली नाही. पेन्सिल खाली ठेवून म्हणाली, “हे तुझं वाक्य नाही. कुणाचं आहे?”

मग सगळं सांगितलं. तू तेवीसची होतीस, मी सतराची. परीक्षा तोंडावर आलेली, तू मला रोज संध्याकाळी शिकवायचीस आणि एक दिवस तू ते म्हणालीस. दुसऱ्या दिवशी मी शाळेत गेलेच नाही. एमोकेनं ऐकून घेतलं आणि विचारलं, “मावशीला काय झालं होतं?” आणि ताई, याचं उत्तर मला पहिल्यांदाच सापडलं. तुला काही झालं नव्हतं. तुला ते इतकं स्पष्ट दिसत होतं की मला दिसत नाही यावर तुझा विश्वासच बसत नव्हता. मी मुद्दाम बघत नाही असं तुला वाटत होतं. मंगळवारी मलाही तसंच वाटलं. इतकी वर्षं मी ज्याला तुझा गर्व समजत होते ती तुझी घाई होती.

पोरीची मी माफी मागितली. ती म्हणाली, “ठीक आहे, पण आता तू कपडे वाळत घाल आणि मला पाऊण तास एकटीला सोड.” मी कपडे वाळत घातले. परत आले तर तिनं कागदाचा चौकोन कापून त्यातून तीन बाय तीनचा कोपरा काढून टाकला होता, उरलेला तुकडा कापून सरळ पट्टी केली होती. एक बाजू क्ष अधिक तीन, दुसरी क्ष वजा तीन. मी हे शिकवलं नव्हतं. तू पाठवलं नव्हतंस. ते तिला स्वतःला दिसलं.

मी तो कागद तुला पाठवणार होते, पण ती देत नाही. उशाशी ठेवला आहे.

एतेल


चौकी २८
२७ ऑगस्ट

विल्माताई,

आत्ताच शाळेतून आलो. देझो खसखशीच्या शेवया करतो आहे. त्याला तेवढंच येतं, पण ते छान येतं.

उकाड्यामुळे परीक्षेच्या खोलीचं दार उघडं होतं आणि मी बाहेर बाकावर बसले होते, त्यामुळे मला सगळं ऐकू आलं. सांगते तसंच वाच, पुढची ओळ आधी बघू नकोस.

तिनं चिठ्ठी उचलली, खडू उचलला. अ अधिक ब चा वर्ग. माझा जीव भांड्यात पडला. आणि मग टकटक करत फळ्यावर काय लिहिलं असेल तिनं? अ वर्ग अधिक ब वर्ग. जुनी सवय, भीतीनं हात आपोआप गेला. मला दिसत नव्हतं, पण भूगोलाच्या सरांचा सुस्कारा ऐकला आणि मी समजले. मी बाकाची कड घट्ट धरली. आत जाऊन ओरडावं असं वाटलं. पण ओरडून काय होतं ते मला आता माहीत आहे.

मग एमोकेचा आवाज आला, “मी जरा बाग काढू का?”

कुणीतरी म्हणालं, काय काढू? दुसरं कुणीतरी, मुख्याध्यापिका असाव्यात, म्हणाल्या, काढू दे. खडू बराच वेळ चालला. मोठा चौकोन, लहान चौकोन, कुंपण. ती मिरच्या म्हणाली, अजमोदा म्हणाली. मग म्हणाली, “हे दोन पट्टे राहिले. म्हणजे मी वर लिहिलं ते चूक आहे, ते फक्त दोन चौकोन आहेत, अख्खी बाग नाही.” आणि तिनं दुरुस्त केलं. सरांनी पुढचे दोन प्रश्न विचारले, त्यातला एक तिला आला नाही. त्रिकोणाचा. तो आमचा राहिलाच होता.

मुख्याध्यापिकांनी विचारलं, “नियम पाठ नाही तुला, पण तो येतो कुठून ते माहीत आहे. आमच्याकडे सहसा उलटं असतं. कुणी शिकवलं?”

एमोके म्हणाली, “मावशीनं. आईच्या तोंडून.”

ताई, मी तिला असं सांगायला सांगितलं नव्हतं. तुझी शपथ.

दोन मिळाले. पाचापैकी दोन, उत्तीर्ण, त्याहून अर्धा गुणही वर नाही. देझो म्हणतो, एवढ्या टपालतिकिटांत दोनच? पण ती एक सप्टेंबरला शाळेत जाणार आहे, दुसऱ्या वर्षाच्या वर्गात, आपल्या वयाच्या मुलांबरोबर. कारखान्याचं नाव येताना गाडीत एकदाही निघालं नाही. घरी आल्यावर तिनं बूट काढले, परसात गेली आणि दोरीच्या त्या पट्ट्यात जाऊन बसली. अजून तिथेच आहे. मिरच्या तोडते आहे असं दाखवते आहे.

‘तुला नुसता खडूच आहे’ हे जेवणाच्या टेबलावरचं वाक्य मी परत घेऊ शकत नाही, हे मला माहीत आहे. पण आज एका खोलीत तिघा परक्या माणसांसमोर ते खोटं ठरलं, आणि ते माझ्या मुलीनं ठरवलं. ते तुला कळायला हवं म्हणून पत्र आजच टाकते आहे.

पुढच्या रविवारी ये. पाच तारखेला, सकाळच्या गाडीनं. त्रिकोण राहिले आहेत, तिचे आणि माझे. ती गाडी आमच्या फाटकाशी थांबत नाही. स्टेशनावर उतरायचं आणि रुळाकडेच्या वाटेनं चालत यायचं. त्या सकाळी पाळी माझी आहे, मी चौकी सोडू शकत नाही, पण दारात झेंडी घेऊन उभी असेन. वाटेत तारेचे खांब मोजत ये, तिसाव्याशी आमचं घर आहे. स्टेशनाशेजारी जो पहिला खांब लागेल तो शून्य धर.

तुझी
एतेल